हंगामी आणि आगळ्यावेगळ्या बिअरची चव कशी घ्यावी आणि तिच्याबद्दल मत कसे मांडावे

क्राफ्ट बिअरच्या बैठकीत नवखा माणूस बहुधा दोनच वाक्ये बोलतो. एक "मस्त आहे" आणि दुसरे "ही बिअर वाटतच नाही". नेहमीच्या लागरबद्दल, म्हणजे सर्रास मिळणाऱ्या फिकट सोनेरी बिअरबद्दल, ही वाक्ये चालून जातात, कारण तिच्याकडून सगळ्यांची अपेक्षा साधारण सारखीच असते. मात्र मीठ आणि धने घातलेली, धुरावर वाळवलेल्या माल्टची (म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाची), लाकडी पिंपात तीन वर्षे मुरलेली किंवा कोकमाने आंबट केलेली बिअर पेल्यात आली, की या दोन वाक्यांनी काम भागत नाही आणि तिसरे वाक्य सुचत नाही. चार-सहा मित्रांनी एकत्र बसून अशा बिअर कशा निवडाव्यात, कोणत्या क्रमाने चाखाव्यात आणि त्यांच्याबद्दलचे मत दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असे कसे सांगावे, हे या लेखात पायरीपायरीने मांडले आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करावी. ही बिअर जे करू पाहते ते तिला साधले आहे का, हा एक प्रश्न झाला. ते मला आवडले का, हा दुसरा. नवख्यांच्या मतांत जो गोंधळ दिसतो तो बहुतेक वेळा हे दोन प्रश्न एकात मिसळल्यामुळे होतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यांना वेगळे ठेवण्यासाठी आहेत.

पायरी पहिली: हंगाम कोणत्या कारणाने आला ते ओळखा

हंगामी बिअर म्हटली की सणासुदीचे लेबल डोळ्यांसमोर येते, पण मुळात हंगाम ही ब्रुअरची अडचण होती. उन्हाळ्यात बिअर नासते म्हणून बव्हेरियात 1553 च्या आदेशाने 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर या काळात बिअर गाळण्यास मनाई करण्यात आली. मग मार्च महिन्यात थोडी अधिक कडक बिअर करून ती थंड तळघरांत साठवायची आणि उन्हाळाभर पुरवायची, अशी रीत पडली. मार्चची म्हणून तिला मेर्त्सेन म्हणू लागले आणि उरलेली पिंपे नवा हंगाम सुरू होण्यापूर्वी रिकामी होत असत. 1810 मध्ये राजपुत्र लुडविगच्या विवाहानिमित्त म्युनिकमध्ये जो उत्सव झाला त्यातून ऑक्टोबरफेस्ट उभा राहिला आणि पुढे तांबूस मेर्त्सेन त्या उत्सवाची ओळख बनली. आज तिथल्या तंबूंत मिळणारी बिअर फिकट सोनेरी आणि हलकी असते, तर अमेरिकेतल्या ब्रुअऱ्या 'ऑक्टोबरफेस्ट' या नावाने अजून तांबूस, खमंग बिअरच काढतात. एकाच नावाच्या दोन बाटल्या इतक्या वेगळ्या का लागतात, असे कोणी विचारले तर हे उत्तर हाताशी असावे.

1870 च्या दशकात कार्ल लिंडेच्या शीतयंत्राने ही अडचण संपवली. त्यानंतर बहुतेक हंगाम हौसेचे उरले, पण सगळे नाहीत. ब्रसेल्स आणि त्याच्या पश्चिमेकडचा ग्रामीण भाग येथे होणारी लॅम्बिक ही आंबट बिअर अजूनही थंडीच्याच महिन्यांत, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल या काळात केली जाते. तिच्यात यीस्ट घालत नाहीत. माल्टचा उकळलेला रस उथळ, उघड्या हौदात रात्रभर निवत ठेवतात आणि हवेतले व लाकडात वस्तीला असलेले जंतू पुढचे काम करतात. उन्हाळ्यात हाच हौद उघडा ठेवला तर नको ते जंतू आधी पोहोचतात. दह्याचे विरजण उन्हाळ्यात किती चटकन आंबट होते हे माहीत असलेल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरा खरा हंगाम पिकाचा. अमेरिकेतल्या हॉप्सपैकी, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या बोंडांपैकी, बहुतांश पीक वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात येते आणि त्याची तोडणी ऑगस्टच्या अखेरीस सुरू होऊन सप्टेंबरभर चालते. ताज्या हॉप्सच्या बोंडांत सुमारे 80 टक्के पाणी असते. एरवी ती भट्टीत वाळवून हे प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास आणतात, त्यामुळे ती वर्षभर टिकतात. न वाळवता वापरायची असतील तर तोडल्यापासून साधारण एका दिवसाच्या आत ती कढईत पडली पाहिजेत, नाहीतर ती तापतात आणि कुजू लागतात. म्हणून 'फ्रेश हॉप' किंवा 'वेट हॉप' असे लिहिलेली बिअर वर्षातून एकदाच येते आणि ती महिना-दोन महिन्यांतच प्यायची असते. मार्चमध्ये कोणी ती कौतुकाने उघडली, तर तिला नावे ठेवण्याआधी दोष कोणाचा, हे पाहावे.

तिसरा हंगाम कॅलेंडरचा आणि दुकानाचा. अमेरिकेतली भोपळ्याची बिअर हे त्याचे ठळक उदाहरण होय. वसाहतीच्या काळात माल्टचा तुटवडा असताना तिथे भोपळा वापरीत असत. आजचा प्रकार मात्र 1980 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या हेवर्ड येथील बफलो बिल्स ब्रुअरीने पुन्हा सुरू केला. भोपळ्याची स्वतःची चव आंबवल्यावर जवळपास उरत नाही. आपल्याला लागतात ते दालचिनी, जायफळ, लवंग आणि सुंठ. आपल्याकडे भोपळ्याचे घारगे खाल्लेल्या माणसाला गूळ आणि जायफळ यांची ही संगत ओळखीची वाटेल, आणि चांगल्या भोपळा-बिअरची परीक्षा मी घारग्याच्या मापानेच करतो: मसाला पिठाच्या मागे राहिला पाहिजे. ऑक्टोबरची ही बिअर आता जुलै-ऑगस्टमध्येच दुकानांत दिसू लागते, तेव्हा तिच्या हंगामीपणाला किती भाव द्यायचा हे ज्याचे त्याने ठरवावे.

आपल्याकडचा हंगाम अजून घडतो आहे. पुण्यात 2009 मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर गाळून विकणारी छोटी ब्रुअरी, सुरू झाली. नाव इंग्रजी वाटते, पण त्याचे मूळ नाशिकजवळच्या देवळालीत आहे. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत कंटाळलेल्या गोऱ्या शिपायांच्या डोक्यावर परिणाम होई, त्यावरून वेडसर या अर्थाचा तो शब्द त्यांच्या भाषेत गेला. त्यानंतर पुणे, मुंबई आणि गोवा येथे मायक्रोब्रुअऱ्या वाढल्या, आणि आंबा, जांभूळ, कोकम, गूळ हे जिन्नस त्यांच्या फळ्यावर दिसू लागले. पुण्याच्या ग्रेट स्टेट एल वर्क्सने काढलेली मीठ-कोकमाची एल (एल हा बिअरचाच एक प्रकार) हे या वाटेवरचे बोलके उदाहरण आहे, कारण ती हौस म्हणून कोकम टाकून मोकळी होत नाही. तिच्यामागे जर्मनीतल्या गोझेची जुनी रीत आहे. गोस्लारमध्ये उगम पावलेल्या आणि लाइपझिगमध्ये नावारूपाला आलेल्या गोझेत मीठ व धने असतात आणि तिचा आंबटपणा दह्यातल्या जंतूंच्याच कुळातल्या जंतूंकडून येतो. मीठ, आंबट आणि थंड ही जोडी सोलकढी पिणाऱ्यांना परकी वाटण्याचे कारण नाही.

पायरी दुसरी: मोजक्याच बिअर निवडा

नवख्यांच्या बैठकीत चार बिअर पुरेत, पाच म्हणजे हद्द झाली. सहाव्या पेल्यानंतर जीभही थकते आणि डोकेही. शिवाय आगळ्या बिअरपैकी अनेक कडक असतात. बाटली लहान म्हणून फसू नये. 10 टक्के अल्कोहोलच्या 330 मिलिलिटर बाटलीत 33 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते, आणि 5 टक्क्यांच्या 650 मिलिलिटरच्या मोठ्या बाटलीत 32.5. म्हणजे दोन्ही बरोबरीच्याच झाल्या. प्रत्येकाला एका बिअरचे 60 ते 90 मिलिलिटर पुरतात, त्यामुळे लहान बाटली चार-पाच जणांत आणि मोठी सहा जणांत वाटून घेता येते आणि महागड्या आयात बाटलीचा खर्चही वाटला जातो. घरी परतण्याची सोय रिक्षाने किंवा टॅक्सीने आधीच ठरवून ठेवावी. वयोमर्यादेचे आणि परवान्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, ते पाळावेत.

निवडताना चारही बिअर विचित्र घेऊ नयेत. हा सल्ला मला उशिरा सुचला. बदलाची जाणीव होण्यासाठी मूळ वस्तू शेजारी हवी. कॉफी घातलेली स्टाउट, म्हणजे भाजक्या माल्टची काळी बिअर, चाखायची असेल तर एक साधी स्टाउटही ठेवावी. आंब्याची गव्हाळ बिअर असेल तर सोबत साधी गव्हाची बिअर असावी. भाताबरोबर चाखल्याशिवाय आमटी खारट आहे की नाही हे नीट कळत नाही, तसेच हे आहे.

विकत घेताना तारीख वाचावी. हॉप्सप्रधान बिअर, म्हणजे आयपीए आणि तिची भावंडे, भरल्याच्या तारखेपासून जितकी जवळ तितकी चांगली. कडक इम्पीरियल स्टाउट, बार्लीवाइन आणि बाटलीत आंबत राहणारी ग्यूझ मात्र वर्षानुवर्षे टिकते. एक, दोन आणि तीन वर्षांच्या लॅम्बिक एकत्र करून केलेल्या मिश्रणाला ग्यूझ म्हणतात, आणि ती लोणच्यासारखी मुरत जाते. मुरणारी बिअरदेखील पुण्या-मुंबईच्या मे महिन्यात माळ्यावर ठेवण्याची वस्तू नाही. ती फ्रिजमध्ये किंवा घरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात उभी ठेवावी. फळांचा गर भरपूर घातलेल्या आंबट बिअरचे कॅन तर फ्रिजबाहेर ठेवूच नयेत, कारण उरलेली साखर पुन्हा आंबू लागली की कॅन फुगतो आणि कधी फुटतोही.

घटकांची यादीही वाचावी. 'मिल्क स्टाउट'मध्ये दूध नसते, तर दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज असते. यीस्टला ती पचत नाही, म्हणून गोडी शिल्लक राहते. ज्यांना दूध सोसत नाही त्यांना हे आधी सांगावे. शेंगदाणे आणि सुकामेवा यांच्या ॲलर्जीचेही तसेच.

पायरी तिसरी: खोली, पेले आणि तापमान

या पायरीवर फार बोलण्यासारखे नाही, पण ती चुकली तर पुढचे सगळे वाया जाते. खोलीत उदबत्ती, अत्तर, मोगऱ्याचा गजरा किंवा स्वयंपाकघरातली लसणाची फोडणी नको. चकणा म्हणून चिवडा, खारे दाणे, कांदाभजी हे सगळे चाखून झाल्यावर यावे. मधल्या वेळात साधा पाव, बिनमिठाचे मुरमुरे आणि साधे पाणी एवढेच ठेवावे. पेले तोंडाशी थोडे निमुळते असले तर वास टिकतो, आणि वाइनचे पेले यासाठी उत्तम चालतात. साबणाचा किंवा तेलाचा थर राहिलेल्या पेल्यात फेस चटकन बसतो आणि बुडबुडे काचेला चिकटून राहतात. असे दिसले तर बिअरला दोष न देता पेला पुन्हा विसळून घ्यावा.

बर्फगार पेला हा चवीचा शत्रू समजावा. फिकट लागर 4 ते 7 अंश सेल्सिअसला ठीक, आयपीए आणि आंबट बिअर 7 ते 10, आणि कडक स्टाउट 10 ते 13 अंशांना बोलू लागते. थर्मामीटर नसेल तर कडक बिअर फ्रिजमधून वीस-पंचवीस मिनिटे आधी बाहेर काढावी. आपल्या उन्हाळ्यात तेवढा वेळही जास्त होतो, तेव्हा पेल्याला हात लावून अंदाज घ्यावा.

पायरी चौथी: क्रम

हलकीकडून कडककडे आणि सौम्यकडून उग्रकडे जावे. धुराची, अतिशय आंबट किंवा पिंपात मुरलेली बिअर शेवटी ठेवावी. एकदा आम्ही धुराची बाटली दुसऱ्या क्रमांकावर उघडली आणि त्यानंतर आलेल्या बिचाऱ्या गव्हाच्या बिअरला सगळ्यांनी 'पाणचट' असे लिहिले. तीच बिअर पुढच्या आठवड्यात सर्वांना आवडली.

पायरी पाचवी: नाक, जीभ आणि आपले शब्द

आधी पाहावे. रंग, गढूळपणा आणि फेस यांवर दोन ओळी लिहून लगेच नाकाकडे वळावे, कारण रंगावर रेंगाळल्याने फारसे काही हाती लागत नाही. पेला हलकेच फिरवून दोन-तीन छोटे हुंगे घ्यावेत. एकच दीर्घ श्वास घेतला तर नाक लगेच सरावते. मग घोट घ्यावा, तो जिभेवर सगळीकडे फिरू द्यावा, गिळावा आणि गिळल्यानंतर नाकाने श्वास सोडावा. वाइन चाखणारे घोट थुंकून टाकतात, तशी पद्धत बिअरच्या बाबतीत नाही, कारण कडवटपणा गिळल्यानंतर किती आणि कसा रेंगाळतो हा मताचा मोठा भाग असतो.

आता शब्दांकडे येऊ. बिअरवरचे बहुतेक लेखन इंग्रजीत असल्याने आपण 'ग्रेपफ्रूट', 'टॉफी', 'प्लम' असे शब्द उसने घेतो, आणि ती फळे आयुष्यात एकदाच चाखलेला माणूसही ते ठोकून देतो. त्याऐवजी ज्या वासांबरोबर आपण वाढलो त्यांचे शब्द वापरावेत. माल्टचा भाजकेपणा सांगताना फुटाणे, खरपूस भाकरी, करपलेली भाकरी आणि कॉफी ही चढती भांजणी आपल्याकडे तयार आहे. गोडीच्या बाबतीत मध, गूळ, काकवी, खजूर आणि मनुका यांतला फरक कोणत्याही मराठी घरात ठाऊक असतो, आणि कडक बेल्जियन बिअरमधली गडद गोडी काकवीजवळची आहे की मनुकांजवळची, हे सांगितले की ऐकणाऱ्यालाही ती कळते. हॉप्ससाठी संत्र्याची साल, कैरी, पिकलेला पेरू, राळ आणि ताजे कापलेले गवत. जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये वेलची केळे आणि लवंग हे वास सर्रास येतात. त्यात केळे किंवा लवंग घातलेली नसते, तो यीस्टचा प्रताप असतो.

आंबटपणाबाबत तर आपली भाषा श्रीमंतच म्हणावी लागेल. नुसते 'आंबट' लिहून थांबू नये. ताकासारखा गोलसर आंबटपणा, लिंबासारखा टोकदार, चिंचेसारखा जड, कोकमासारखा तुरट आणि व्हिनेगरसारखा नाकात जाणारा आंबटपणा, हे पाच वेगळे अनुभव आहेत आणि त्यांतला शेवटचा बहुधा धोक्याची सूचना असतो. त्याचप्रमाणे तुरट आणि कडू यांची गल्लत करू नये. कारले कडू असते, कच्चे केळे तुरट असते. कडूपणा चव म्हणून लागतो, तर तुरटपणा तोंडाला आवळतो. हॉप्सचा कडूपणा हवाहवासा असू शकतो, पण टरफलांतून उतरलेला किंवा फार काळ लाकडात राहिल्याने आलेला तुरटपणा बहुधा नकोसा होतो.

धुराचे उदाहरण घ्या. जर्मनीतल्या बांबर्ग शहरात श्लेंकेर्लाची रौखबिअर मिळते. तिचे माल्ट बीच वृक्षाच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. परदेशी लेखक तिचे वर्णन धुरावलेल्या डुकराच्या मांसासारखी असे करतात. ते मांस न खाणाऱ्या माझ्या एका मित्राने पहिल्याच घोटाला "चुलीत भाजलेल्या वांग्याचे भरीत" असे लिहिले, आणि त्या संध्याकाळी मेजावर आलेल्या सगळ्या नोंदींत तीच सर्वांत नेमकी होती. कोळशाचा धुंगार दिलेली आमटी किंवा ताक ज्याने चाखले आहे त्याला धूर हा चवीचा घटक असू शकतो, हे नव्याने पटवून घ्यावे लागत नाही. बांबर्गमध्ये असे म्हणतात की ही बिअर एका पेल्यात कळत नाही. ते खरे आहे, कारण दुसऱ्या पेल्यापर्यंत धूर मागे सरतो आणि खालचे गोडसर माल्ट पुढे येते.

पायरी सहावी: दोष की हेतू?

आगळ्या बिअरच्या बाबतीत नवखा माणूस इथे सर्वाधिक अडखळतो. पहिली ग्यूझ उघडली तेव्हा मला गोठ्याजवळचा, ओल्या कातड्याचा वास आला आणि बाटली नासली असे समजून अर्धी मी मोरीत ओतली. तो वास ब्रेटॅनोमायसिस नावाच्या यीस्टचा होता. हे नाव 1904 मध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेतून आले आणि लॅम्बिकच्या बाबतीत हा वास अपेक्षितच असतो. हाच वास एखाद्या साध्या लागरमध्ये आला असता तर ती खरोखर बिघडलेली ठरली असती. वास चांगला की वाईट हे त्या बिअरच्या जातीवर ठरते, म्हणून बाटली उघडण्याआधी लेबल वाचून तिचा हेतू एका ओळीत लिहून ठेवावा.

काही दोष मात्र जवळपास कुठेही क्षम्य नाहीत. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअर जुनी होऊन तिला हवा लागली आहे. उकडलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास उकळण्यात किंवा निववण्यात झालेली हयगय सांगतो. लोण्याचा, सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नसारखा वास येत असेल तर यीस्टला काम पुरे करायला वेळ मिळालेला नाही, किंवा नळ्यांत जंतू शिरले आहेत. कच्च्या सफरचंदाचा वासही अर्धवट राहिलेल्या कामाची खूण आहे. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीतल्या बिअरला ऊन लागले की हॉप्समधल्या घटकांचे प्रकाशाने रूपांतर होऊन उग्र दर्प येतो. तपकिरी काच यापासून बरेच संरक्षण देते आणि कॅन तर पूर्णच. हे सगळे ओळखायला वेळ लागतो, आणि काही वास काहींच्या नाकाला मुळात येतच नाहीत. लोण्याच्या वासाच्या बाबतीत असे विशेष घडते. म्हणून "मला लोणी लागते आहे" असे म्हणावे, "ही सदोष आहे" असा निकाल पहिल्या घोटाला देऊ नये.

फळे आणि मसाले घातलेल्या बिअरच्या बाबतीत मी एकच कसोटी लावतो. घातलेला जिन्नस काढून टाकला तर खाली बिअर उरते का? आंब्याच्या दिवसांत एका ठिकाणी मी आंबा बिअर मागवली आणि पेल्यातून जो वास आला तो हापूसचा नव्हता, लहानपणी शाळेबाहेर मिळणाऱ्या पिवळ्या गोळ्यांचा होता. खाली माल्टचा पत्ता नव्हता. याउलट एखाद्या चांगल्या कॉफी स्टाउटमध्ये कॉफी कुठे संपते आणि भाजलेले जव कुठे सुरू होतात हे सांगता येत नाही. बर्बनच्या, म्हणजे अमेरिकी व्हिस्कीच्या, पिंपात मुरवलेल्या स्टाउटची हीच परीक्षा असते. अमेरिकी कायद्याने बर्बनसाठी दर वेळी नवे, आतून जाळलेले ओकचे पिंप लागते, त्यामुळे एकदाच वापरलेली पिंपे ब्रुअऱ्यांना सहज मिळतात, आणि त्यांतून व्हॅनिला, नारळ व मद्याची ऊब बिअरमध्ये उतरते. ती ऊब छातीत जाणवावी. घशाला जाळ लागला तर पिंपाने बिअर गिळली, असे समजावे.

पायरी सातवी: आधी लिहा, मग बोला

बैठकीचा एकच कडक नियम असावा. प्रत्येकाने चार ओळी लिहून होईपर्यंत कोणीही तोंड उघडायचे नाही. कुणी "जांभूळ!" असे म्हटले की उरलेल्या पाच जणांना जांभूळच लागते, आणि यात लबाडी नसते, नाकच सुचवलेले शोधते. वयाने किंवा अनुभवाने मोठ्या माणसाने शेवटी बोलावे. आपल्याकडे घरातल्या मोठ्यांनी "मीठ बरोबर आहे" असे म्हटले की पानावर बसलेले कोणी मग ते पुन्हा मागत नाही, आणि चाखण्याच्या बैठकीत ही सवय घातक ठरते. शक्य असेल तर एकाने बाटल्या कागदात गुंडाळून ओताव्यात. दुर्मीळ बाटलीची किंमत आणि तिच्यासाठी केलेली वणवण मताला किती गोडी आणते, हे नाव झाकल्यावरच कळते.

चार ओळी अशा असाव्यात. पहिल्या ओळीत लेबलाने काय कबूल केले होते. दुसऱ्या ओळीत पेल्यात काय आले, तेही आपल्या शब्दांत. तिसऱ्या ओळीत घातलेला जिन्नस आणि मूळ बिअर यांचे जमले का. 'मला' हा शब्द फक्त चौथ्या ओळीत यावा, आणि तिथे पसंती बिनदिक्कत लिहावी. "उत्तम साधली आहे, पण मला खारट पेय आवडत नाही" हे पूर्णपणे प्रामाणिक मत आहे आणि वाचणाऱ्याच्या कामाचे आहे. "साधी गोड आहे, जिन्नस ओळखू येत नाही, तरी मी आणखी एक घेईन" हेही तसेच.

गुण देण्याचा मोह होईल. बिअरच्या परीक्षकांची बीजेसीपी ही संस्था 1985 पासून आहे आणि तिच्या तक्त्यात 50 पैकी 12 गुण वासाला, 3 रूपाला, 20 चवीला, 5 तोंडातल्या जाणिवेला आणि 10 एकूण परिणामाला असतात. वास आणि चव मिळून 32 गुण, रूपाला अवघे 3, हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे. तरीही पहिल्या पाच-सहा बैठकांत आकडे टाळावेत, असे माझे मत आहे. 38 आणि 41 यांच्यावर वाद रंगतो आणि त्यात कोकम पुढे आले की मीठ, हे विचारायचे राहून जाते.

मतभेद झाला तर बाटलीकडे परत जावे. पेल्यात थोडी बिअर मुद्दाम राखून ठेवावी आणि पंधरा-वीस मिनिटांनी, ती थोडी गरम झाल्यावर, पुन्हा चाखावी. आगळेपणाचे नवल एव्हाना ओसरलेले असते. पहिल्या घोटाला टाळ्या मिळवणारी, मिरची घातलेली चॉकलेट स्टाउट या दुसऱ्या फेरीत बरेचदा नकोशी होते, आणि पहिल्यांदा कोणी लक्ष न दिलेली मेर्त्सेन संपलेली असते. ही दुसरी नोंद पहिलीच्या खाली, पहिली न खोडता लिहावी.

वहीत नावाबरोबर भरल्याची तारीख, चाखल्याची तारीख आणि वर्ष न विसरता टाकावे. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीची ख्रिसमस एल 1975 पासून दर वर्षी वेगळ्या कृतीने होत असे आणि लेबलावरचे झाडही दर वर्षी बदलत असे. एका वर्षाची नोंद दुसऱ्या वर्षाच्या बाटलीला लागू पडत नसे. 2023 मध्ये ती ब्रुअरी बंद झाली. त्या बाटल्यांची चव आता ज्यांनी साल घालून लिहून ठेवली त्यांच्याच वह्यांत सापडते. कडक आणि मुरणारी बिअर घेताना म्हणूनच एकाऐवजी दोन बाटल्या घ्याव्यात. एक यंदाच्या बैठकीत उघडावी आणि दुसरीवर तारखेची चिठ्ठी चिकटवून ती फ्रिजच्या मागच्या बाजूला, घरातल्या कुणाच्या हाती सहज लागणार नाही अशी ठेवून द्यावी.